जोड दिसता कामा नये

कवळी कशी मोडली हे माणूस सहसा खरं सांगत नाही. ठाकूरद्वारच्या एका वाडीत, तळमजल्याच्या खोलीत, मी तीस वर्षं कवळ्या करतोय आणि मोडलेल्या सांधतोय. समोरच्या स्टुलावर बसून सरळ खरं बोललेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. "हातातून सटकली हो," म्हणतात. हातातून सटकून मोरीच्या फरशीवर पडलेली कवळी मला लांबून ओळखू येते, तिच्या कडेचा टवका उडालेला असतो. रागाच्या भरात बायकोवर फेकलेली भिंतीवर आपटते आणि दोन-तीन दात गमावून येते. मटणाच्या नळीवर जोर केला असेल तर एकच दात निघतो आणि मागे गुळगुळीत खळगा राहतो. हिरड्या झिजल्या तरी दहा दहा वर्षं तीच कवळी घालणाऱ्या चिकट माणसाची मात्र बरोबर मधोमध दुभंगते, पुढच्या दोन दातांमधून थेट टाळूपर्यंत. ती आपटावी लागत नाही, भाताच्या घासालाही दुभंगते. मी कड बघतो आणि मान डोलावतो.

मी डॉक्टर नाही, दारावर पाटीही नाही. डॉक्टर माप घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी कवळी करून परत पाठवतो, नाव त्यांचं होतं. दुरुस्तीला मात्र लोक थेट माझ्याकडे येतात, आणि बरेचसे घरी उपद्व्याप करून मगच येतात. एका हेडक्लार्कने ऑफिसातली सीलबंद पाकिटांची लाख लावून कवळी चिकटवली होती. सकाळी गरम चहा घेतला आणि सगळं ऑफिस तोंडात वितळलं. वर मलाच विचारतो, "कोठारे, लाख चांगल्या प्रतीची नसेल का?"

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हातारे गृहस्थ फार बोलत नसत. त्यांचं एकच वाक्य मी आयुष्यभर जपलं. जोड दिसता कामा नये. डोळ्याला दिसला नाही पण जिभेला लागला, तरी तो जोड नव्हे.

हा न दिसणारा जोड कसा करतात ते इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे. मोडलेल्या दोन कडा तशाच एकमेकींना चिकटवून भागत नाही, तो जोड आठ दिवसही टिकत नाही. आधी दोन्ही तुकडे मेणाने तात्पुरते जुळवायचे. आतल्या बाजूने प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. मग मेण काढून टाकायचं, तुकडे वेगळे करायचे आणि दोन्ही कडा कानशीने तिरक्या घासायच्या. जिथे मार बसून प्लास्टिक पांढरं पडलंय ते सगळं खरवडून काढायचं, नाहीतर तिथूनच पुन्हा तडा जातो. मग तुकडे साच्यावर परत बसवून मधल्या फटीत नवं गुलाबी भरायचं. थोडक्यात, कवळी सांधायची तर मोडलेली कड आधी नाहीशी करावी लागते.

गुणाजी तांडेलची कवळी मी केली ती त्याच्या बायकोमुळे. काशीबाई माझगावच्या कोळीवाड्यातून येऊन गेली वीस वर्षं आमच्या दारात माशांची पाटी उतरवत होती. आम्ही प्रभू. आमच्याकडे सत्यनारायणाच्या तारखेआधी बोंबलाचा भाव विचारतात असं लोक म्हणतात, त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. माझी बायको सुनंदा आणि काशीबाई यांच्यात रोज एका पापलेटावरून भांडण होई आणि रोज ते चहावर मिटे. काशीबाई मासा हातात घेऊन नुसता अंगठा फिरवायची आणि काटा कुठे आहे, मासा कालचा की आजचा, सांगायची. एकदा ती म्हणाली, "भाऊ, माज्या मान्साचे दात गेले सगले. मिश्रीनं खाल्ले. त्याला बोंबील पन चावत नाय." मी गुणाजीला घेऊन ये म्हटलं.

तो आला. आडवा बांधा, लाल टोपी, आणि तोंड लहान पोरासारखं मिटलेलं. वरची-खालची अशा दोन्ही कवळ्या बसवून मी त्याच्या हातात आरसा दिला तेव्हा त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "यो तर मी हाय." इतकंच. पण मला ते वाक्य अजून आठवतं, कारण माझ्या कामाचं इतकं चोख वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

त्यानंतर तो दोनदा दुरुस्तीला आला, आणि दोन्ही वेळा पुढचा दात निघाला होता. जाळं विणताना सूत दातांनी तोडायची सवय. मी रागावलो, की कवळी म्हणजे कात्री नव्हे. त्याने कान धरले. तो खरं बोलणाऱ्या चार-पाचांपैकी एक होता. गुणाजी पीत असे, तेही त्याने स्वतःच सांगितलं होतं, दारूबंदी असताना. पण पंचावन्नच्या चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला गेला आणि देवीसमोर सोडली, हेही मला त्यानेच येऊन सांगितलं. काशीबाईने त्या दिवशी सुनंदाला सुरमई दिली आणि भावाची घासाघीस करूच दिली नाही. "आईनं माजा मानूस धुवून दिला," म्हणाली.

पुढच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. आमच्या वाडीच्या तोंडाशी अश्रुधूर फुटायचा. सुनंदा ओली फडकी दाराच्या फटीत कोंबायची. लालबाग, परळ, काळाचौकी, जिथून बातमी येई तिथून गोळीबाराचीच येई. संचारबंदी लागली. मी काम करत राहिलो. मी मोर्च्यातला माणूस नाही, घोषणा देताना माझा मलाच आवाज परका वाटतो. पण पोलिसांच्या काठ्या त्या आठवड्यात गिरगावात कुणाला पाहायच्या राहिल्या नव्हत्या. बांबूची काठी, खालच्या टोकाला लोखंडी टोपी.

चौथ्या दिवशी दुपारी संचारबंदी थोडा वेळ सैल झाली आणि गुणाजीचा धाकटा भाऊ दत्तू माझ्या दारात येऊन उभा राहिला. माझगावाहून चालत आला होता. त्याने रुमालाची गाठ सोडून वरची कवळी माझ्या टेबलावर ठेवली. दोन तुकडे होते.

"भाऊ, लगेच सांधून द्या."

"गुणाजी कुठे आहे?" मी विचारलं. "बसवून बघायला तोंड लागेल."

"दादा गेला," दत्तू म्हणाला.

मग त्याने सांगितलं. गुणाजी आदल्या दिवशी सकाळी होडीची दोरी बघायला म्हणून बाहेर पडला. परत आला नाही. संध्याकाळी कुणीतरी त्याला इस्पितळात पोचवला, तिथे तो गेला. आज सकाळी ताब्यात मिळाला. कपड्यांबरोबर कागदाच्या पुडीत हे दोन तुकडे होते, खालची कवळी शाबूत होती. "धक्क्याच्या पायरीवर पडला बोलतान," दत्तू म्हणाला. "आमी कोन व्हतो तिथं?"

गुणाजीचा एकही फोटो नव्हता. आमच्याकडे गरिबांत अशी रीत आहे, की माणसाचा जिवंतपणी फोटो काढायचा राहून गेला असेल तर नेण्याआधी त्याला खुर्चीत बसवतात, हार घालतात आणि फोटोवाल्याला बोलावतात. तोच एक फोटो मग भिंतीवर राहतो. फोटोवाला कोळीवाड्यात येऊन बसला होता. गुणाजीला खुर्चीत बसवला, टोपी घातली, आणि काशीबाईने त्याच्याकडे बघून सगळ्यांना थांबवलं.

"वैनी बोलते त्याचा त्वांड बसलाय," दत्तू म्हणाला. "बोलते यो माजा मानूस नाय. असा फोटो नाय काडू द्याची."

मी तुकडे उचलले. कवळी मधोमध दुभंगली होती, पण झिजून दुभंगते तशी नव्हे. पुढच्या दातांच्या वर, ओठाच्या बाजूला, गुलाबी प्लास्टिकवर एक खूण होती. अंगठ्याच्या नखाएवढी, अर्धी गोल, कड अगदी स्वच्छ, आणि तेवढ्या जागेत प्लास्टिक पांढरं पडलेलं. तडा तिथून सुरू होऊन मागे गेला होता. पायरीवर पडलेल्या माणसांच्या कवळ्या मी डझनाने पाहिल्यात. त्यांच्यावर दगडाचे ओरखडे असतात, फटींत माती असते. हिच्यावर ओरखडा नव्हता. गोल लोखंडी टोकाने समोरून ठोसा बसला होता.

हे मी पाहिलं, आणि ओळखलं. न कळून झालं असं मी म्हणणार नाही.

पण माझे हात तोवर कामाला लागले होते. मेण वितळवलं, तुकडे जुळवले, प्लास्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर मी कानस घेतली आणि दोन्ही कडा तिरक्या घासल्या. मग ती अर्धगोल खूण, तिच्याभोवतीचं सगळं पांढरं, मुळापासून खरवडून काढलं. नवीन प्रकारची पावडर तेव्हा नुकतीच मिळू लागली होती, न उकळता अर्ध्या तासात जमणारी. ती भरली. रंग जुळला नाही म्हणून पुन्हा खरवडून दुसरी छटा मिसळून भरली. मेलेल्या माणसाच्या ओठाआडचं गुलाबी कोण बघणार होतं? पण मी भरली. मग बारीक कानस, मग काचकागद, मग पॉलिशचं चाक. तेवढ्या वेळात दत्तूने तीनदा घड्याळाकडे बघितलं. साचा नेहमीप्रमाणे फोडून टोपलीत टाकला.

त्याच्या हातात कवळी दिली तेव्हा त्याने ती उलटीसुलटी केली. "कुठं मोडली व्हती ते कलतच नाय," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण अशा दिवशी, अशा कामात, मला बरं वाटलं.

बाराव्याला मी आणि सुनंदा माझगावला गेलो. भिंतीवर फोटो लागला होता. लाल टोपी फोटोत काळी आली होती. डोळे मिटलेले, पण गाल भरलेले, ओठ ओठावर नीट बसलेले, जाळं विणता विणता दुपारी डुलकी लागावी तसा गुणाजी बसला होता. चितेवर ठेवण्याआधी तोंडातलं काढायचं असं म्हाताऱ्यांनी सांगितलं म्हणून कवळी काढून घेतली होती. तिच्यासाठी काशीबाईने पितळेचा एक डबा ठेवला होता. तिने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. "भाऊ, तुमी माजा मानूस मना परत दिला," म्हणाली. परत येताना सुनंदा रस्ताभर रडली आणि म्हणाली, तुमच्या हातून चांगलं काम झालं. मी हो म्हणालो.

मार्चअखेर काशीबाई खोलीवर आली. बरोबर रमाकांत होता, आमच्याच वाडीतला तरुण वकील. आमच्या भागातले काही कार्यकर्ते गोळीबारात आणि लाठीमारात गेलेल्यांची नावं गोळा करत होते, कागदपत्रं जमवायचं काम रमाकांतकडे होतं. काशीबाईला लिहायला वाचायला येत नव्हतं. इस्पितळातून मिळालेला कागद तिने दोन महिने तसाच जपून ठेवला होता, आणि रमाकांतने तो तिला परवा पहिल्यांदा वाचून दाखवला होता. त्यात लिहिलं होतं, दारूच्या नशेत पायरीवरून पडून डोक्यास मार.

"त्यानं सोडलेली," काशीबाई म्हणाली. ती स्टुलावर बसली नाही, उभीच होती. "एकवीरेसमोर सोडलेली. कोलीवाड्यात समदी बोलतान आता, चोरून प्यायचा. माजी सासू बोलते. भाऊ, त्याला मारला. पडला नाय. पडला नाय म्हंजे प्यायला नव्हता. तुमी बगितली व्हती ना कवली?"

"पाहिली होती," मी म्हणालो.

"कशी मोडली व्हती?"

मी सांगितलं. अर्धगोल खूण, पांढरा चट्टा, ओरखडा नाही, माती नाही. तिने ऐकलं आणि डोळे मिटून मान हलवली, जणू इतके दिवस कुणीतरी एवढंच म्हणावं म्हणून ती थांबली होती. रमाकांतचा चेहरा उजळला.

"काका, हे फार महत्त्वाचं आहे," तो म्हणाला. "एका दातांच्या डॉक्टरांशी मी बोललोय. त्यांनी खूण पाहिली तर ते लेखी मत देतील. मग यादीत नाव घालायला कुणाची हरकत राहणार नाही."

काशीबाईने पितळी डबा उघडला आणि कवळी माझ्यापुढे धरली. "दावा, भाऊ. कुठं ती खून?"

मी ती हातात घेतली. खिडकीशी गेलो. ओठाची बाजू, टाळूची बाजू, दातांच्या मधली फट. भिंग लावलं. सगळीकडे एकसारखं गुलाबी, गुळगुळीत, ओलं असल्यासारखं चमकणारं. खूण नाही हे मला ठाऊकच होतं, मीच ती काढली होती. पण जोडही सापडेना. मी, ज्याने तो केला, दोन मिनिटं कवळी फिरवत राहिलो आणि मला माझाच जोड सापडला नाही.

"काका?" रमाकांत म्हणाला.

"खूण राहिलेली नाही," मी म्हणालो. "दुरुस्तीत ती घासावी लागते."

"घासावीच लागते?"

इथे मला सुटका होती. हो म्हटलं असतं तर दोघांनीही विश्वास ठेवला असता. पण काशीबाई माझ्याकडे बघत होती, आणि गुणाजी माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

"जिवंत माणसासाठी घासावी लागते," मी म्हणालो. "त्याला चावायचं असतं. फोटोपुरती हवी होती तर मेणाने चिकटवली असती तरी चाललं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. कडा तशाच राहिल्या असत्या, खूणही राहिली असती."

"मग?"

"मग काही नाही. सवय. आणि मिजास. जोड दिसता कामा नये ही माझी मिजास." मला भीती वाटली म्हणून मी ती खूण पुसली असती तर एक वेळ बरं झालं असतं, काहीतरी कारण तरी सांगता आलं असतं. भीती वाटली नव्हती. ती खूण उद्या कुणी मागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काशीबाईने कवळीकडे बघितलं. मग म्हणाली, "मोडा."

"काय?"

"परत मोडा. तशीच मोडा. तुमाला म्हाईत हाय कशी मोडली व्हती ती. त्या जागी ठोकून द्या."

रमाकांत उठला आणि खिडकीबाहेर बघू लागला. वकील माणूस, त्याने काही ऐकलं नाही. आणि खरं सांगतो, मला ते करता आलं असतं. कोपऱ्यात माझ्या वडिलांची काठी उभी होती, तिला खाली लोखंडी टोपी होती. कवळी वाळूच्या पिशवीवर ठेवायची, टोपी बरोबर जागेवर टेकवायची, वरून एक हातोडी. अर्धगोल उठला असता, पांढरं पडलं असतं. मी काठीकडे बघितलं. काशीबाईनेही बघितलं.

"ते खोटं होईल," मी म्हणालो.

"त्याला मारला ही गोष्ट खरी हाय ना?"

"खरी आहे."

"मंग?"

 मला जे सुचलं ते मी बोललो. "काशीबाई, सांधलेली कवळी पुन्हा मोडली तर ती जोडावर मोडत नाही, जोडाच्या शेजारी मोडते. ज्याला यातलं कळतं तो ओळखेल. मग मला उभं करून विचारतील, आणि खोटं मला सांगता येत नाही, सुनंदा मला रोज पकडते. मी पकडला गेलो की लोक काय म्हणतील? गुणाजी दारुडाही होता आणि त्याची माणसं खोटारडीही आहेत. आता निदान एकच गोष्ट म्हणतायत."

तिने कवळी माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, आता ती जमिनीवर आपटते. तिने तसं केलं नाही. तिने ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यावरून फिरवला, पाटीतल्या माशावरून फिरवायची तसा, सावकाश, पुढून मागे. टाळूच्या मध्यापासून थोडं डावीकडे अंगठा थांबला.

"हितं," ती म्हणाली.

मी भिंग घेतलं. ती दाखवत होती तिथे केसाहून बारीक अशी एक रेघ होती, रेघ तरी कसली, नव्या आणि जुन्या गुलाबीचा किंचित वेगळा पोत. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती, माझ्या बोटाला लागत नव्हती. तिच्या अंगठ्याला लागली.

"हो," मी म्हणालो. "तिथेच."

रमाकांतने हळूच सांगितलं की कवळी मोडली होती हे सगळ्यांना मान्यच आहे, जोड सापडून उपयोग नाही, कशाने मोडली ते हवं होतं. काशीबाईला ते कळलं होतं. तिने कवळी डब्यात ठेवली, झाकण लावलं, डबा ओटीत धरला आणि दाराशी जाऊन वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोसला असता.

"भाऊ," ती म्हणाली, "येवडी चांगली कशाला केलीत?"

त्याच संध्याकाळी मी दोन पानं लिहिली. अक्षर माझं वाईट, म्हणून सुनंदाकडून स्वच्छ उतरवून घेतली आणि खाली सही केली. रमाकांतने ती पुढे दिली. पुढे काय झालं ते त्याने मला सहा महिन्यांनी सांगितलं. लोकांनी वाचलं, हळहळले, पण नुसत्या एका कारागिराच्या सांगण्यावर सरकारी कागद खोटा कसा म्हणायचा असा प्रश्न पडला. मी त्यांना दोष देत नाही. यादीत गुणाजीचं नाव आलं नाही.

त्यानंतर माझ्या कामात एक फरक पडला. मोडलेली कवळी आली की कानस उचलण्याआधी मी एका वहीत ती कड काढून ठेवतो. कुठून सुरू झाली, कुठे गेली, टवका कुठे उडाला, पांढरं कुठे पडलं. कुणीही विचारलेलं नसतं. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला चित्रकलेचा नाद लागला. तीन वह्या भरल्या.

यंदा मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला. गिरगावात घरोघरी पणत्या, तोरणं, पेढे. चौकाचौकात लाऊडस्पीकर. काशीबाई गेल्या चार वर्षांत आमच्या दारात पाटी घेऊन येत राहिली होती, सुनंदाशी भांडत राहिली होती, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी सकाळी ती पाटीशिवाय आली आणि मला म्हणाली, "भाऊ, दुपारी घरी येवा. चष्मा घेऊन येवा."

मी गेलो. कोळीवाड्यातही तोरणं होती. तिच्या घरात भिंतीवर गुणाजीचा फोटो होता, ताजा हार घातलेला. खालच्या फळीवर पितळी डबा. आणि फोटोच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, काचेखाली दोन पानं लावलेली होती. सुनंदाचं अक्षर मला दारातूनच ओळखू आलं. रमाकांतकडे पानं परत आली तेव्हा तिने मागून घेतली होती. इतकी वर्षं ती तिथे होती आणि मला ठाऊक नव्हतं.

"दर साली त्याच्या दिवसाला कोनाकडून तरी वाचून घेते," ती म्हणाली. "शालेतली पोरं अडखलतान. आज तुमी वाचा. तुमीच लिवलंय."

दत्तू आला. शेजारच्या दोन बाया आल्या. गुणाजीची म्हातारी आई आतल्या खाटेवर होती, तिला धरून बाहेर आणून बसवली. मी चष्मा लावला आणि भिंतीशी उभा राहून वाचू लागलो.

"मी, श्यामकांत मोरोबा कोठारे, राहणार ठाकूरद्वार, कवळ्या करण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा करतो. गुणाजी तांडेल यांची वरची कवळी मी स्वतः केली होती व ती मोडल्यावर मीच सांधली. ती पडून मोडलेली नव्हती. तिच्यावर समोरून मार बसल्याची खूण होती. ती खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि माझ्या हाताने पुसली. ती पुसण्याची गरज नव्हती. गुणाजी तांडेल माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. त्यांनी दारू सोडली होती असं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानतो."

 बाहेर लाऊडस्पीकर चालू होता. म्हातारीने कानामागे हात धरला आणि सुनेकडे बघितलं.

"आयला आयकू नाय गेलं," काशीबाई मला म्हणाली. "पडून मोडली नाय तितपासून परत वाचा. जरा मोट्यानं."

मी घसा साफ केला आणि तिथपासून पुन्हा वाचलं.